घाट, गिअर आणि आपला डावा पाय

(सुट्टीत भारतात जाऊन स्वतः गाडी चालवणाऱ्या सभासदांसाठी क्वीन्सटाउनमध्ये झालेल्या बैठकीतल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याची भाषा बरीचशी तशीच ठेवली आहे.)



आजचा विषय कळल्यावर आपल्यातल्याच एका काकांनी मला विचारलं, "अरे, सिंगापुरात आता गिअरच्या गाड्या राहिल्यात कुठे?" प्रश्न अगदी रास्त आहे. इथून दहा मिनिटांवर अलेक्झांड्रा रोड आणि लेंग की रोडवर गाड्यांच्या शोरूम ओळीने उभ्या आहेत. त्या सगळ्या पालथ्या घातल्या तरी क्लच असलेली नवी मोटार दिसणं मुश्किल. लॉऱ्या आणि काही व्हॅन सोडल्या तर क्वीन्सटाउनच्या रस्त्यावर डावा पाय वापरणारा माणूस आता दुर्मीळ झाला आहे.

आणि नेमकं म्हणूनच मी हा विषय घेतला. वर्षातले अकरा महिने आपण इथे ऑटोमॅटिक चालवतो. बाराव्या महिन्यात विमानातून उतरतो आणि बाबांच्या, सासऱ्यांच्या नाहीतर भावाच्या गाडीची किल्ली हातात घेतो. ती गाडी बहुतेक वेळा गिअरची असते. पुण्या-मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये दोन-चार वेळा ती बंद पडते, मागचे हॉर्न वाजवतात, मुलं मागच्या सीटवर हसतात. तिथवर ठीक आहे. खरी परीक्षा परतीच्या दिवशी असते. विमान रात्रीचं, बॅगा डिकीत मावत नाहीत म्हणून मांडीवर, सोडायला आई-बाबाही बरोबर, आणि अंधारात खंडाळ्याचा घाट उतरायचा. आज मी प्रामुख्याने त्या उताराबद्दल बोलणार आहे.

आधी यंत्र थोडं समजून घेऊ. मी कॉम्प्युटर इंजिनिअर, मेकॅनिकल नव्हे, त्यामुळे घाबरू नका, फार खोल जाणार नाही. इंजिनाची एक अडचण असते: ते एकदम थांबून राहू शकत नाही. साधारण मिनिटाला सात-आठशे फेऱ्यांच्या खाली गेलं की ते धापा टाकत बंद पडतं. चाकांना मात्र सिग्नलला शून्यावर यावंच लागतं. फिरणारं इंजिन आणि थांबलेली चाकं यांची गाठ घालायची कशी? तर मध्ये क्लच प्लेट. इंजिनाच्या टोकाला एक जड चाक असतं, फ्लायव्हील. त्याच्यावर ही प्लेट स्प्रिंगच्या जोराने दाबलेली असते. पेडल दाबलं की दाब सुटतो, सोडलं की पकड येते. अर्धवट सोडलं की प्लेट घासत घासत फिरते, हाच आपला 'हाफ क्लच'. गाडी झटका न देता सुटते ती या घासण्यामुळेच आणि क्लच जळतो तोही या घासण्यामुळेच. फरक फक्त वेळेचा. दोन सेकंद ठीक, दोन मिनिटं नाही.

ऑटोमॅटिकवाल्यांना मॅन्युअलवर येताना सर्वांत आधी शोधायची असते ती ही पकड येण्याची जागा. प्रत्येक गाडीत ती वेगळी असते आणि प्लेट झिजत जाते तशी बहुतेक गाड्यांत वर वर सरकते. त्यामुळे गेल्या वर्षी चालवलेल्या त्याच गाडीतही यंदा ती तिथेच असेल असं समजू नका. यावर उपाय सोपा आहे. घरासमोर किंवा एखाद्या रिकाम्या मैदानात सपाट जागेवर गाडी फर्स्टमध्ये टाका. रेस अजिबात द्यायची नाही. डावी टाच जमिनीवर टेकवून क्लच मिलिमीटर-मिलिमीटरने सोडा. इंजिनाचा आवाज किंचित खाली बसेल, बॉनेट जरासं थरथरेल, आणि गाडी स्वतःहून चालायला लागेल. इंजेक्शनच्या गाड्यांत कॉम्प्युटरला कळतं की इंजिनावर भार आला, आणि तो आपण होऊन थोडं इंधन वाढवतो. हे दहा-पंधरा वेळा केलं की पायाला जागा सापडते. पहिल्या दिवशी थेट लक्ष्मी रोड गाठण्यापेक्षा हे बरं!

रिव्हर्सची जागाही पाहून घ्या. काही गाड्यांत तो पाचव्याच्या समोर खाली उजवीकडे असतो, काहींत पहिल्याच्या शेजारी डावीकडे, आणि दांड्यावरची रिंग वर ओढावी लागते. किल्ली फिरवण्याआधी, गाडी उभी असताना, क्लच दाबून सगळे गिअर एकदा टाकून बघायला लाज कसली?

आता सवयींकडे वळू. ऑटोमॅटिक गाडी 'डी'मध्ये असली की ब्रेक सोडताच हळूहळू पुढे सरकते. आपल्याला त्याची इतकी सवय होते की फ्लायओव्हरच्या चढावर थांबलो तरी गाडी आपली आपण उभी राहील असं शरीर धरून चालतं. मॅन्युअल मागे घरंगळते. मग घाईघाईने क्लच अर्धा सोडून, रेस देऊन माणूस गाडी जागच्या जागी तोलून धरतो. ते दिसायला कौशल्याचं दिसतं, पण खाली प्लेट भाजत असते. जुन्या कात्रज घाटाच्या चढावर रांग लागली की जळक्या कागदासारखा एक वास येतो ना, तो हाच. चढावर थांबलात की हँडब्रेक ओढा, न्यूट्रल करा, पाय मोकळे करा. निघताना फर्स्ट, थोडी रेस, क्लच पकडीच्या जागेपर्यंत, गाडीचं नाक किंचित वर उचललं की मग हँडब्रेक सोडा. इथे बुकिट बाटोकच्या ड्रायव्हिंग सेंटरात ज्यांनी क्लास तीनचं शिक्षण घेतलं आहे त्यांनी सर्किटमधल्या त्या सिमेंटच्या चढावर हेच केलं असेल. तिथे गाडी मागे गेली तर परीक्षा जाते. कात्रजला मागे रिक्षा असते.

दुसरी सवय डाव्या पायाची. ऑटोमॅटिकमध्ये तो बिनकामाचा असतो, म्हणून मॅन्युअलमध्ये आल्यावर तो जातो आणि क्लचच्या पेडलवर विसावतो. पायाच्या नुसत्या वजनाने बेअरिंग फिरत राहतं आणि पकड ढिली होते. गिअर बदलून झाला की पाय बाजूला जमिनीवर ठेवा. हाताचंही तसंच. एक हात सतत गिअरच्या दांड्यावर ठेवून चालवण्याची ऐट हिंदी सिनेमात शोभते. आतले काटे त्या वजनाने झिजतात, आणि शिवाय स्टीअरिंगवर एकच हात उरतो.

तिसरी सवय सर्वांत महत्त्वाची. समोर अचानक काही आडवं आलं तर काय कराल? पुष्कळ जण दोन्ही पाय एकदम दाबतात. क्लच आधी दाबला की इंजिनाचा अटकाव त्याच क्षणी सुटतो आणि गाडी मोकळी धावते. ब्रेक आधी, पूर्ण जोराने. क्लच शेवटी, गाडी थांबायच्या बेतात असताना. इंजिन बंद पडलं तर पडू दे.

आणि हो, एक घातक चूक. वेगात असताना तिसऱ्यातून चौथ्यात जायच्या ऐवजी दांडा डावीकडे ओढला जाऊन दुसऱ्यात पडतो. क्लच सोडला की चाकं इंजिनाला त्याच्या ताकदीबाहेर फिरवतात. इंजिनात वेग मर्यादित ठेवणारं सॉफ्टवेअर असतं खरं, पण ते फक्त इंधन तोडू शकतं. चाकंच इंजिनाला फिरवत असतील तर सॉफ्टवेअर काय करणार? दांडा तळहाताने हलकेच ढकला, मुठीत आवळून ओढू नका. त्याला आपल्या जागा माहीत असतात.

आता घाटाकडे वळू.

लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे सव्वासहाशे मीटरवर आहे, खोपोली पायथ्याशी. म्हणजे पाचशे मीटरहून जास्त उतार. माणसं आणि सामान धरून गाडीचं वजन चौदाशे किलो धरू. शाळेतलं सूत्र आठवा: वजन गुणिले गुरुत्व गुणिले उंची. पाचशे मीटरला उत्तर येतं जवळपास अडुसष्ट लाख ज्यूल. ज्यूल म्हटलं की काही बोध होत नाही, म्हणून मी ते पाण्यात मोजलं. एवढ्या उष्णतेत सुमारे बावीस लिटर थंड पाणी उकळतं. म्हणजे मोठी बादलीभर. थोडी उष्णता हवा आणि टायर खातात. बाकीची कुठेतरी जायला हवी. गाडी न्यूट्रलमध्ये असेल, किंवा वरच्या गिअरमध्ये नुसती पळत असेल, तर ती जाणार चार चाकांतल्या ब्रेकमध्ये.

ब्रेक तापला की दोन गोष्टी होतात. पॅडचं घर्षण कमी होतं, म्हणजे तेवढाच पाय दाबूनही गाडी तेवढी थांबत नाही. आणि दुसरी, अधिक भयंकर गोष्ट: नळ्यांतलं ब्रेक ऑइल उकळतं. नाव ऑइल असलं तरी ते तेल नव्हे. ते हवेतली ओल शोषून घेतं. डॉट ३ जातीचं नवं द्रव २०५ अंश सेल्सिअसला तरी उकळू नये असं प्रमाण आहे, पण ओल शोषल्यानंतरची अपेक्षा फक्त १४० अंशांची. डॉट ४ ची अनुक्रमे २३० आणि १५५. उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडा दाबला जातो, आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. पायाखाली काहीच नाही.

आता विचार करा, आपल्या घरची गाडी कशी असते? बाबा ती भाजी आणायला, देवळात आणि बँकेत जायला वापरतात. वर्षाला फारसं अंतर होत नाही, म्हणून 'गाडी नवीच आहे' असं सगळे म्हणतात. किलोमीटर कमी म्हणून सर्व्हिसिंग पुढे ढकललेलं. पण ब्रेक ऑइलला किलोमीटर कळत नाहीत, त्याला पावसाळे कळतात. चार पावसाळे दारात उभ्या राहिलेल्या गाडीतलं ब्रेक ऑइल पुण्यात कधी त्रास देणार नाही. ते त्रास देईल घाटात, पाच माणसं आणि चार बॅगा घेऊन. साधारण दर दोन वर्षांनी ते बदलावं. गॅरेजमध्ये हे तासा-दोन तासांचं काम आहे. मी तर म्हणतो, भारतात पोचण्याआधी आठवडाभर बाबांना फोन करा आणि एवढं एक काम करून ठेवायला सांगा.

मग उष्णता जाणार कुठे? इंजिनात. गाडी गिअरमध्ये आहे आणि तुम्ही रेसवरून पाय काढला की चाकं इंजिनाला फिरवतात. पिस्टनला हवा ओढावी लागते, ढकलावी लागते, आणि ते कष्ट गाडीला अडवतात. जितका खालचा गिअर तितका अटकाव जास्त. 'ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचं' असं जुने ड्रायव्हर सांगतात. आजच्या ताकदवान गाड्या तिसऱ्या-चौथ्यातही चढतात, तेव्हा मी त्यात एवढीच भर घालीन: उतारावर पाय रेसवर नसताना वेग वाढत असेल तर गिअर अजून एक खाली हवा. पेट्रोल इंजिनात हवेची वाट बंद होते म्हणून अटकाव चांगला येतो, डिझेलचा बऱ्याचदा थोडा कमी असतो, म्हणून डिझेलवाल्यांनी एक गिअर जास्तच खाली राहावं. आणि गिअर उतार सुरू होण्यापूर्वी टाकायचा. वेग वाढल्यावर खाली येणं कठीण जातं, धीर सुटतो, आणि दोन गिअरच्या मधल्या त्या क्षणात गाडी मोकळी असते.

ब्रेक वापरायचाच नाही असं नाही. वळणाआधी एकदा नीट जोराने दाबा, वेग खाली आणा आणि सोडा. त्याला निवायला वेळ द्या. घाटभर पाय हलका ठेवून ब्रेक नुसता चोळत राहणं सर्वांत वाईट.

काही वर्षांपूर्वी गणपतीला आम्ही कराडहून चिपळूणला निघालो होतो, भाड्याच्या गाडीने, ड्रायव्हरसकट. मुलं मागे झोपलेली. कुंभार्ली घाट लागला आणि गाडीचा आवाज एकदम मऊ झाला. दांड्याकडे पाहिलं, न्यूट्रल. मी म्हटलं, "मामा, गिअरमध्ये टाका ना गाडी." ते हसून म्हणाले, "साहेब, उतारालाच तर डिझेल वाचतं. वीस वर्षं उतरतोय." बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि मुलीला जवळ ओढून घेतलं. दोन-तीन वळणांनंतर वास यायला लागला. मी सरळ सांगितलं, "मामा, डिझेलचे जास्तीचे पैसे मी देतो, पण आत्ता गिअर टाका, नाहीतर आम्ही इथे उतरतो." त्यांना राग आला, पण त्यांनी गिअर टाकला. खाली चहाच्या टपरीवर थांबलो तेव्हा पुढच्या चाकांजवळ हात नेववत नव्हता. ते बादली घेऊन चाकांवर पाणी मारायला निघाले. तेही करू नये. तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडलं की ती वाकडी होऊ शकते. अर्धा तास गप्पा मारत बसलो. माणूस वाईट नव्हता. त्यांना गाडीमालकाला दर लिटरचा हिशोब द्यावा लागत होता, एवढंच.

पण तो हिशोबच चुकीचा आहे, आणि इथे माझा धंदा उपयोगी पडतो. आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत इंजिनाचा कॉम्प्युटर पाहत असतो की रेसवर पाय नाही आणि फेऱ्या मात्र बऱ्यापैकी आहेत. म्हणजे चाकंच इंजिनाला फिरवत आहेत. मग इंधन कशाला द्यायचं? तो इंजेक्टर बंद करतो. इंधन शून्य. फेऱ्या आयडलजवळ आल्या की पुन्हा सुरू. उलट न्यूट्रलमध्ये इंजिनाला कोणी फिरवत नसतं, म्हणून ते चालू ठेवायला इंधन द्यावंच लागतं. म्हणजे गिअरमध्ये उतरलात तर खर्च कमी, न्यूट्रलमध्ये जास्त! कार्ब्युरेटरच्या काळी, आपल्या फियाट-अँबॅसिडरच्या दिवसांत, ही न्यूट्रलची बचत काही अंशी खरी होती. पद्मिनी टॅक्सीसुद्धा मुंबईच्या रस्त्यावरून ऑक्टोबर २०२३ मध्ये गेली. समजूत मात्र अजून घाट उतरते आहे. द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण खुला झाला तेव्हापासून न्यूट्रलवर उतरणारे ट्रक हे तिथल्या घाटाचं जुनं दुखणं आहे. म्हणून उतारावर लादलेल्या ट्रकच्या पुढे रेंगाळू नका. आरशात पाहा, वाट द्या.

काही जण याहून पुढे जाऊन इंजिनच बंद करतात. ब्रेकला जोर देणारा बूस्टर इंजिनाच्या निर्वातावर चालतो. इंजिन बंद झालं की दोन-तीनदा पेडल दाबेपर्यंत तो साथ देतो, मग पेडल दगडासारखं. पॉवर स्टीअरिंगही जड. किल्ली काढलीत तर स्टीअरिंग लॉकच होईल.

आणि समजा, ब्रेक गेलाच. इंजिन बंद करू नका. पेडल भराभर पंप करा, कधीकधी थोडा दाब परत येतो. एकेक गिअर खाली आणा. हँडब्रेक बटण दाबून ठेवून हळूहळू ओढा, झटक्याने ओढला तर मागची चाकं अडकून गाडी फिरेल. हॉर्न, दिवे, आणि डोंगराची बाजू धरा, दरीची नाही. वेग कमी झाल्यावर डोंगराकडच्या गटारात चाक घालणं किंवा मातीच्या ढिगाऱ्याला घासणं हा पराभव नव्हे.

ज्यांना वाटतंय की आपली ऑटोमॅटिक आहे, आपण सुटलो, त्यांच्यासाठी दोन शब्द. गेंटिंगहून उतरताना 'गिअर रेंडा' असं लिहिलेल्या पाट्या पाहिल्या असतील. खालचा गिअर वापरा, एवढाच त्याचा अर्थ, आणि तो ऑटोमॅटिकलाही लागू आहे. दांड्यावर 'एल', '२' किंवा अधिक-उण्याची खूण असते ती त्यासाठीच. काही हायब्रिड गाड्यांत 'बी' असतं. आपल्या शेजारच्या साउथ बुओना विस्टा रोडवर, ज्याला जुने लोक नव्याण्णव वळणांचा रस्ता म्हणतात, एखाद्या रविवारी पहाटे हे करून बघा. घाट छोटा आहे, पण हाताला सवय होईल. भारतात २०१४ पासून मारुतीने सेलेरिओत आणलेली एएमटी पुष्कळ घरांत आली आहे. तिला क्लचचं पेडल नाही, पण आत क्लच प्लेट तीच आहे. चढावर रेस देऊन तोलून धरलीत तर तीही तशीच जळते.

शेवटी मुलांचा प्रश्न, जो मला सर्वाधिक विचारला जातो. अठरा पूर्ण झाली की क्लास तीन घ्यावं की तीन-ए? तीन-ए सोपं, कारण फक्त ऑटोमॅटिक. पण ते घेतलेल्या मुलाने आजोबांची गिअरची गाडी चालवू नये. लायसन्स त्या गाडीचं नाही, आणि उद्या काही झालं तर विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारणार. मुलं भारतात गाडी चालवणारच नसतील तर तीन-ए पुरे, त्यात काही कमीपणा नाही. चालवणार असतील तर चार धडे जास्त लागले तरी तीन घ्या. आणि लायसन्स असलं तरी पहिला घाट चढायचा घाट असू द्या, उतरायचा नको, आणि शेजारी जाणतं माणूस बसू द्या.

परतीच्या दिवशी मात्र, घरात दुसरं कोणी रोज त्या गाडीवर बसणारं असेल, तर किल्ली त्यांच्याकडे द्या आणि तुम्ही बॅगा सांभाळा. गाडीत बसल्यावर ते न्यूट्रल करतायत का, एवढं बघा.

प्रश्न असतील तर विचारा. ब्रेक ऑइलचे मी दोन नमुने बाटलीत आणले आहेत, नवं आणि जुनं, रंग पाहून घ्या. झाकण उघडू नका, ते रंग खातं. आणि ती बाटली चहाच्या टेबलावर ठेवू नका, प्लीज.